देवसिंगच्या फटफटीची लदेणी

दिग्रसहून पुसदकडे जाणारा रस्ता सोडून गाडीवाटेनं दोन कोस आत गेलं की देवसिंगचा तांडा लागत असे. तांड्यात फटफटी एकच होती आणि ती चालवणारा माणूसही एकच. सन एकसष्टच्या कापसाच्या हंगामात त्या माणसाचा उजवा पाय गेला. दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ट्रकवर चढवताना रुईची गठाण घसरली आणि देवसिंग नेमका तिच्या वाटेत उभा होता. चूक कुणाची म्हणावी तर थोडी त्याचीच होती, आणि तसं तो कबूलही करत असे. यवतमाळच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. थंडी सरता सरता तो बैलगाडीतून घरी परतला, तेव्हा फटफटी कडब्याच्या गंजीआड उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबडी बसली होती. देवसिंगनं आधी कोंबडीला शिवी हासडली आणि मग जमलेल्या माणसांना रामराम केला.

फटफटी लढाईतली होती. फौजेनं मोडीत काढलेली, हिरव्या रंगाची, वजनाला रेड्यासारखी. दोन-चार हातांतून फिरत ती अमरावतीला आली आणि अठ्ठावन्न साली देवसिंग व त्याचा धाकटा भाऊ हिरासिंग यांनी ती मिळून घेतली. त्यासाठी त्यांनी बैलांची उरलीसुरली जोडी विकली. त्यावर तांड्यातली म्हातारी माणसं जे बोलली ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही. बोलणारच. देवसिंगच्या आज्याची लदेणी होती. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचा तो लांबच लांब काफिला मीठ आणि धान्य वाहत मुलूखभर फिरे. आगगाडी आली, मोटार आली, लदेण्या बसल्या आणि माणसं शेतीला लागली. देवसिंगचं म्हणणं एवढंच होतं, की बैल संपले म्हणून वाहणं संपलेलं नाही. जिथं यष्टी जात नव्हती त्या तांड्यांवर आणि आदिवासींच्या पोडांवर तो फटफटीवरून मीठ पोचवी, घासलेट पोचवी, काडेपेट्या, बांगड्या आणि बायकांच्या कांचळीला लावायचे गोल आरसे पोचवी. लोक वाट बघत. वाट बघणारी माणसं असली की देवसिंगच्या अंगात दहा हत्तींचं बळ येई.

पाय गेला आणि तो धंदा मानीबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, डोक्यावर आला. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. ती दिग्रसहून मिठाचं पोतं डोक्यावर घेऊन सगळी वाट चालत येई. एक हात कमरेवर, दुसरा वर, पोत्याला लावलेला. टेकाडाच्या कडेवर आधी पोतं दिसे, मग हात, मग मानीबाई. देवसिंग बाजेवर बसून ते बघे आणि त्याला लाज वाटे. ज्या घराण्यात बाईनं कधी माल वाहिला नव्हता, त्या घरात हे आपल्या डोळ्यांदेखत चाललं आहे, ही गोष्ट त्याला पायाच्या ठणक्याहून जास्त लागे.

पुढल्या वर्षी दिवाळी झाली आणि हिरासिंग बाजेशी येऊन बसला.

“भिया, वणीचा एक ठेकेदार हाय. कोळशाच्या खाणीवर जायले त्याले फटफटी पाह्यजे. होळीच्या आधीच्या बाजाराले थो दिग्रसले येऊन राह्यला. देऊन टाकू.”

“माही फटफटी देऊन टाकू?”

“आपली. अर्धी माही हाय.”

“मंग तुही अर्धी दे.”

हिरासिंग हसला नाही. तो मनाचा वाईट नव्हता, भित्रा होता, आणि भावाच्या बाबतीत जास्तच भित्रा होता. “एक पाय गेला, भिया,” तो म्हणाला. “आता बाकीचा तरी राहू दे.”

“म्या ते सोता चालवत बाजाराले आणली तं?”

“कशानं चालवशीन? गेर उजव्या पायानं, किक उजव्या पायानं.”

“थे माह्यावर सोड. आणली तं?”

हिरासिंगनं एकदा गंजीआडच्या फटफटीकडे पाहिलं. “आणली तं ठेकेदाराले मी वापस धाडतो. नाई आणली तं फटफटी त्याची, अन् तू मंग त्यावर कधी बोलाचं नाई.” देवसिंगनं हात पुढे केला. दोघांनी हातावर हात मारला आणि आता मागे फिरायची वाट उरली नाही.

दुसऱ्याच दिवशी देवसिंगनं उकंडाला निरोप धाडला. उकंडा त्याच जिनाच्या कारखान्यात फिटर होता आणि गठाण पडली तेव्हा देवसिंगला तिच्याखालून ओढून काढणाऱ्यांत पहिला होता. छप्पन साली नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला आणि आल्याबरोबर मेलेली ढोरं ओढायचं गावकीचं काम सोडलं ते सोडलंच. गावानं त्याच्याशी वाकडं धरलं, तेव्हा त्यानं दिग्रस गाठून लोखंड धरलं. एकदा ठरवलं की मागे बघायचं नाही, या एका गुणावर दोघांची दोस्ती जमली होती.

उकंडानं फटफटीभोवती एक फेरी मारली. “दोन पाय व्हते तवा तुले दोन चाकं पुरत व्हते,” तो म्हणाला. “आता तीन लागतीन. डाव्या अंगाले पेटी अन् चाक. थे आधी.”

“आधी गेर,” देवसिंग म्हणाला. “टाकीजवय हातानं वढाचा दांडा बसव. गेर झाला की मी उद्या चालवतो.”

“अन् उभी कशी करशीन? टेकवाले उजवा पाय कुठं हाय?”

“डावा टेकवीन.”

“फटफटीनं तसं कबूल केलं काय?”

देवसिंगनं ऐकलं नाही. घाई झालेल्या माणसाला शहाणपण सांगणं म्हणजे वाऱ्याशी बोलणं. गिअरचा दांडा बसला. उकंडानं किक मारून दिली आणि देवसिंगनं क्लच सोडला. वर्षभरानं वारा तोंडावर आला आणि तो मोठ्यानं ओरडला, इतका त्याला आनंद झाला. तांड्याला एक पुरा वळसा घालून तो आपल्या दारासमोर थांबला, फटफटी उजवीकडे कलली, त्यानं सवयीनं उजवा पाय टेकवला, आणि तो पाय नव्हता. फटफटी आणि मालक दोघे मानीबाईच्या गोवऱ्यांवर आडवे झाले आणि नवा दांडा वाकला. सगळा तांडा हसला. मानीबाई मात्र हसली नाही.

घरात त्यांची बंजारी गोरबोली आणि वऱ्हाडी दोन्ही चालत, पण उकंडासमोर सगळे वऱ्हाडीत बोलत, आणि भांडायला तर मानीबाईला वऱ्हाडीच सोयीची वाटे. “तुमच्या बापानं नवा बैल घेतला तं पह्यले त्याले काय शिकवे?” तिनं विचारलं.

देवसिंग गोवऱ्या झटकत राहिला.

“सांगा ना. चालाले शिकवे?”

“थांबाले,” देवसिंग पडल्या आवाजात म्हणाला.

खरंच तसं होतं. त्याचा बाप बाबूसिंग नव्या बैलाच्या पाठीवर आठवडाभर काही ठेवत नसे. नुसतं उभं राहायला शिकवी. माणसांत उभं राहायचं, पाण्यात उभं राहायचं, शेजारून गाडी गेली तरी उभं राहायचं. मग चाल. मग रिकामी गोणी. भरलेली गोणी सगळ्यात शेवटी. देवसिंगनं हे लहानपणापासून पाहिलं होतं आणि लोखंडाच्या बैलाला ते लागू असेल असं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगण झाडून घेतलं आणि त्या फटफटीत जे जे बदलायचं होतं त्या प्रत्येकाच्या नावानं एकेक वस्तू जमिनीवर ओळीनं मांडली. ब्रेकसाठी जुना पट्टा. पेटीसाठी चहाच्या खोक्याची फळी. किकसाठी काठी, गिअरसाठी वाकलेला दांडा. ओझं ओढताना इंजिनाचा दम उखडू नये म्हणून मागचं दातेरी चाक मोठं घालायचं होतं, त्यासाठी भाकरीचा तुकडा. आणि मिठाचा खडा म्हणजे माल. त्यानं लदेणीच लावली होती. पुढे कुणी चालायचं, त्याच्या मागे कोण, का. लदेणीत सगळ्यात पुढे गळ्यात घुंगरं घातलेला बैल असे. तो थांबला की सगळे थांबत. ती जागा देवसिंगनं ब्रेकला दिली. भाकरीचा तुकडा तो मागे ठेवायला निघाला आणि मध्येच थबकला. ब्रेकचे पट्टे बदलायला मागचं चाक उतरवावं लागणार होतं आणि दातेरी चाकही त्याच चाकाला. मग एकाच कामासाठी दोनदा कशाला उघडा? भाकरी ब्रेकशेजारी आली. त्यांच्या मागे पेटी. आणि पेटीचं चाक लागलं की फटफटी आपल्या आपण उभी राहणार, म्हणजे सीटवर उजवीकडे तोंड करून आडवं बसलं तर डाव्या पायानंही किक मारता येईल. तिथं काही बदलायलाच नको! देवसिंगनं काठी उचलून दूर भिरकावली. एक काम न करताच संपलं, याचा त्याला कोण आनंद झाला. मग गिअरचा दांडा, आणि शेवटी माल.

“आता कसं,” संध्याकाळी उकंडानं ओळ बघितली आणि म्हणाला. भाकरी तोवर कोंबडीनं नेली होती, पण तिची जागा देवसिंगला पाठ होती.

मग कामाला जोर आला. जिन चालू असताना उकंडाला सुट्टी क्वचितच मिळे, म्हणून जे हातानं होण्यासारखं होतं ते देवसिंग करी आणि जोडायचं ते उकंडासाठी ठेवी. दारव्ह्याच्या भंगारवाल्याकडून दातेरी चाक आलं, पेटीचं चाक आलं. चेनीला कड्या वाढवल्या. ब्रेक असा लागायला लागला की मानीबाईनं फटफटी ढकलून बघितली तर ती तसूभर हलली नाही. पेटीला बाभळीच्या फळ्यांचा तळ घातला, कारण चहाचं खोकं मिठाला पुरणार नव्हतं. प्रत्येक वेळी देवसिंगला पुढचं काम आधी उरकावंसं वाटे आणि प्रत्येक वेळी तो दातओठ खाऊन ओळीकडे बघे. गिअरचा दांडा सरळ होऊन बसला तेव्हा पळस फुलला होता.

पेटी रिकामी ठेवून तो पहिल्यांदा बाहेर पडला, तेव्हा फटफटी सारखी डावीकडे ओढ घ्यायला लागली. त्यात नवल काही नव्हतं; एका बाजूला जादा चाक अडकवलेलं. पण देवसिंगच्या रक्तात लदेणी होती. बैलाच्या पाठीवरच्या गोणीची दोन्ही अंगं सारखी भरायची, एक अंग जड झालं की बैलाची पाठ सोलवटते, हे त्यांच्या घरात पोराला चालण्याआधी शिकवत. डाव्या अंगाला पेटी आहे, तर उजव्या अंगाला तेवढंच वजन हवं. त्यानं ज्वारीचं पोतं अर्धं भरलं आणि सीटच्या उजव्या बाजूला दोरानं आवळून बांधलं. उकंडा असता तर काही बोलला असता, पण उकंडा जिनात होता. देवसिंग आपल्या हुशारीवर खूश होऊन नाल्याकडे निघाला.

नाल्याशी वाट डावीकडे वळते. देवसिंगनं हँडल वळवलं, आणि पेटीचं चाक जमिनीवरून उचललं. तो काही करायच्या आत पेटी त्याच्या डोक्यावर आली आणि ज्वारीच्या पोत्यासकट सगळं उजवीकडे उलथलं. नाल्यात वाळू होती म्हणून जीव वाचला. खांदा मात्र ठेचला आणि गिअरचा दांडा पुन्हा वाकला.

हिरासिंग धावत आला. त्यानं भावाला उचलून घरी आणलं, खांद्याला हळद लावली आणि एक शब्द बोलला नाही. देवसिंगला तेच फार लागलं. मानीबाईनं मात्र कसर भरून काढली.

“माह्या डोक्यावर वझं हाय म्हून तुमी मराले निंगाले काय?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचाही तिला राग आला होता. “वाहीन मी. जलमभर वाहीन. मी काई कुरकुर केली?”

“तू नाई केली,” देवसिंग म्हणाला. “मले पाहावत नाई.”

“मंग पाहू नका. अन् एक सांगते, त्या फटफटीवर मी कधी बसणार नाई. आंधीच सांगून ठेवते.”

“तुले बस कोन म्हनलं?”

ती पदरानं डोळे पुसत चुलीकडे गेली. बाजार आठवड्यावर आला होता.

सकाळी खांदा बांधून आणि कुबडी घेऊन देवसिंग नाल्यावर गेला. पडलो का, हे कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली भाकर उतरणार नव्हती. वाटेच्या फुफाट्यात चाकांचे माग तसेच उमटलेले होते. माग वाचणं त्याला बापानंच शिकवलं होतं. सुटलेला बैल कुठं गेला ते तो मागावरून सांगे. तांड्यापासून तीन रेघा बरोबर चालल्या होत्या. पुढे वाट थोडी उजवीकडे लवत होती, तिथंही तीन रेघा होत्या. मग नाल्याचं डावं वळण लागलं आणि तिथं डावी रेघ पुसट होत होत नाहीशीच झाली. दोनच रेघा पुढे गेल्या होत्या आणि उजवी रेघ खोल रुतलेली होती.

देवसिंग कुबडीवर रेलून त्या रेघांकडे बघत राहिला. डावीकडे वळताना फटफटी सगळी उजवीकडे फेकली जाते, आणि आपण उजव्याच अंगाला पोतं बांधून तिला आणखी ढकललं. गोणीची दोन्ही अंगं सारखी हवीत, ते बैलाचं. या जनावराचं एक अंग जडच पाहिजे, पेटीचं. आणि ती रिकामी असली तर वळणच घेता येणार नाही. म्हणजे माल ओळीत शेवटी नव्हताच. आधी माल आणि मग वळण. “बापू, तुमचा बैल येगळा व्हता,” तो मोठ्यानं म्हणाला, आणि त्याला हसू आलं. जन्मभर पाठ केलेली गोष्ट चुकीची निघाली याचं दुःख व्हायला हवं होतं. पण कारण सापडल्याचा आनंदच मोठा होता.

उकंडानं दांडा सरळ करून दिला. देवसिंगनं पेटीत नाल्यातले धोंडे भरले आणि तेच वळण घेतलं. उतरून पाहिलं, तीन रेघा. पुन्हा घेतलं. तीन रेघा. शेवटी खांद्यानं नको म्हटलं तेव्हाच तो थांबला.

बाजाराच्या दिवशी सकाळी मानीबाई डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन बाहेर आली. नेहमीप्रमाणे चालतच निघायची तिची तयारी होती. देवसिंग पेटीत धोंडे भरत होता.

“धोंडे दिग्रसले नेऊन इकता काय?”

“पेटीत वजन लागते. नाई तं वयनावर उलथते. तिथं टाकून देईन अन् मीठ भरीन.”

मानीबाई पेटीकडे बघत उभी राहिली. मग तिनं चुंबळ कमरेला खोचली, वाकून एक धोंडा काढला आणि बाहेर फेकला. मग दुसरा. देवसिंगला काही कळेना. पेटी रिकामी झाली तशी ती आपली घागऱ्यासारखी फेटिया सावरून आत चढली आणि फळीवर बसली.

“वजनच पाह्यजे ना? मी हाय की.”

“तू तं बसणार नव्हती.”

“मी पेटीत बसल्यावर उलथता काय तुमी?” ती म्हणाली. “निंगा आता. ऊन व्हते.”

देवसिंग सीटवर आडवा बसला आणि डाव्या पायानं किक मारली. इंजिन धडधडलं. नाल्याचं वळण जवळ आलं तसं त्यानं ब्रेक लावला आणि ओरडला, “डावीकडे झुकजो!” मानीबाई पेटीची कड धरून बाहेर झुकली, इतकी की फेटियेची किनार फुफाट्याला लागली. चाक उचललं नाही. फटफटी नाल्यातून वर चढली तेव्हा देवसिंगनं मागे वळून फुफाट्यातल्या तीन रेघा पाहिल्या.

दिग्रसच्या बाजाराच्या तोंडाशी हिरासिंग एका जाड्या माणसाजवळ उभा होता. तीन चाकांवरून भाऊ आणि पेटीत भावजय येताना बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. ठेकेदारानं फटफटीभोवती फेरी मारली, पेटीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, “हे पेटी काढून द्याल ना?”

“ठेकेदारसाहेब,” हिरासिंग म्हणाला, “हे फटफटी इकाची नाई. तुमाले उगीच तरास झाला.” मग त्यानं भावाच्या ठेचलेल्या खांद्यावर हात ठेवला. देवसिंग कळवळला, पण हात काढ म्हणाला नाही.

बाजारात त्यांनी मीठ घेतलं, काडेपेट्या घेतल्या, आरसे घेतले. पोती पेटीत रचली आणि त्यांच्यावर मानीबाई बसली. उन्हं कलताना फटफटी तांड्याच्या वाटेला लागली. टेकाडाच्या कडेवर, जिथं ती येताना देवसिंगला बाजेवरून दिसत असे, तिथं खडकाळ जागेत पेटीनं जरा गचका खाल्ला. मानीबाईचा हात सवयीनं वर गेला, डोक्यावरचं ओझं सावरायला. तिथं काही नव्हतं. हात तसाच थोडा वेळ वर राहिला. देवसिंगनं तो पाहिला आणि वेग कमी केला. मग तिनं तो खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

“काय झालं?” देवसिंगनं विचारलं.

“काई नाई,” मानीबाई म्हणाली. “चालू द्या.”